तात्या चुरी ढगात गेले

साईकिंजल पॅकेजिंगमध्ये निरोप जायच्या वाटा इतक्या होत्या की निरोप वाटेतच हरवायचा. पालघरच्या ऑफिसची मेल एका कंपनीची, बोईसरच्या कारखान्याची दुसऱ्या कंपनीची, आणि माल रवाना करणाऱ्या खात्याचा एक फुकटातला जुना पत्ता. तो कोणी काढला होता हे काढणाऱ्यालाही आता आठवत नव्हतं. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपचे गट होते. 'कारखाना', 'कारखाना नवीन', 'कारखाना फक्त कामाचं' आणि 'कारखाना तात्या सोडून'. शेवटच्या गटात तात्यांना कोणीतरी चुकून घेतलं होतं, आणि ते तिथे रोज सकाळी सगळ्यांना सुप्रभात म्हणत.

शेवटी वापीच्या एका गिऱ्हाइकाने बिस्किटांच्या खोक्यांची उंची कमी करायला सांगितलं. ते पालघरला कळलं, बोईसरला कळलं नाही, आणि ज्यात गुडघ्यापर्यंतचे बूट उभे राहतील अशी खोकी ट्रक भरभरून वापीला गेली. तेव्हा किंजलने टेबलावर हात आपटला. किंजल ही मालक जयंतीभाईंची मुलगी. ती आणि कंपनी एकाच वर्षी जन्मल्या, म्हणून कंपनीला तिचं नाव. आणि दोघींपैकी एकही आपलं ऐकत नाही, अशी जयंतीभाईंची तक्रार होती. आता कारभार तिच्याकडे होता.

"बास झालं," ती म्हणाली. "यापुढे सगळ्यांची मेल, सगळे निरोप, सगळ्या फायली एकाच जागी. दुसरीकडे काही नाही."

या कामासाठी वसईहून प्रतीक्षा नावाची हुशार मुलगी आली. तिने कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पडदा लावला आणि सगळ्यांना समोर बसवलं.

"तुमचं सगळं आता क्लाउडवर जाणार," ती म्हणाली.

"म्हंजे कुठं?" पहिल्या रांगेतून तात्यांनी विचारलं.

तात्या चुरी म्हणजे माल रवाना करणाऱ्या खात्याचे प्रमुख. चिंचणीहून रोज येत. निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते आणि कारखान्यातलं एकही खोकं त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय फाटकाबाहेर पडत नव्हतं.

"क्लाउड म्हणजे ढग, तात्या. असं समजा, सगळं वर ढगात ठेवलंय."

"आन आमाला काय विचारायचं झालं तर?"

"तिथेच विचारायचं."

"वर?"

"वर."

तात्यांनी मान डोलावली. एकदा पटलं की ते मनापासून कामाला लागत.

त्यांची एक अडचण होती. सोमवारी पालघरला त्यांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, आणि त्याच सोमवारी कंपनीचं सगळं सामान ढगात चढणार होतं. प्रतीक्षाने उपाय सांगितला. जुन्या पत्त्यावर एक ठरावीक उत्तर लिहून ठेवायचं. कोणाचंही पत्र आलं की ते आपोआप त्याला जाईल. "पत्ता बदललाय आणि मी रजेवर आहे, एवढंच लिहा. तुमच्या शब्दांत."

'तुमच्या शब्दांत' हे तात्यांना सांगायला नको होतं. त्यांच्या पत्रलेखनाचा कारखान्यात दबदबा होता. ट्रकचं चाक पंक्चर झालं तरी ते 'कळविण्यास अत्यंत खेद होतो' अशी सुरुवात करत. जेवणाची सुट्टी खर्ची घालून त्यांनी लिहिलं:

'सप्रेम नमस्कार. कळविण्यास कारण की, इतकी वर्षे आपण मला जेथे पाहत आलात, तेथे मी आता नाही. सोमवारपासून आमचे सर्व काही वर ढगात गेले आहे. पालघरच्या ऑपरेशननंतर मी डोळे मिटून शांत पडलो आहे. यापुढे माझी सर्व कामे चि. कमलेश पाहील, त्यास सांभाळून घ्यावे. आपण दिलेल्या प्रेमाचा मी ऋणी आहे. हातून काही चुकले असल्यास क्षमा असावी. आपला, तात्या चुरी.'

प्रतीक्षा तेव्हा तिन्ही जुने पत्ते एकात ओतण्याच्या गडबडीत होती. तिने न वाचताच मजकूर चिकटवला. मशीनने विचारलं, तिन्ही पत्त्यांवरच्या जुन्या ओळखीच्यांनाही कळवू का? तिने 'हो' दाबलं. आणि ठरल्याप्रमाणे किंजलने सोमवारी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपचे सगळे गट बंद करून टाकले.

ऑपरेशन छान झालं. संध्याकाळीच तात्या हिरवा चष्मा लावून चिंचणीला घरी आले. त्यांच्या पत्नी मंदाकाकी दारातच हात पुढे करून उभ्या होत्या.

"फोन."

"अगं, कामाचा कोणाचा..."

"डॉक्टर काय म्हनले? स्क्रीन बघायची नाय, वाकायचं नाय, डोक्याला पाणी नाय. उताणं पडून ऱ्हायचं." त्यांनी फोन बंद करून लुगड्यांच्या ट्रंकेत टाकला आणि ट्रंकेला कुलूप लावलं.

मंगळवारी सकाळी विनोद संखे यांनी तात्यांना मेल केली. विनोदशेठच्या गाड्या कारखान्याचा माल नेत, आणि त्यांचं ऑफिस कारखान्याच्या फाटकासमोरच होतं. दोघे शाळेपासूनचे मित्र. पण गेल्या हिवाळ्यात चिंचणीच्या किनाऱ्यावर टेनिस बॉलचे सामने झाले, त्यात तात्या पंच होते, आणि त्यांनी विनोदशेठना धावचीत दिलं. तेव्हापासून बोलणं बंद. कामापुरतं मेलवर चाले. 'माननीय महोदय, आपण मला आपल्या खिडकीत दिसत आहात. तरी कृपया गाडी फाटकात लावावी.' 'माननीय महोदय, मीही आपणांस पाहत आहे. गाडी लावण्यात येईल.'

तात्या त्यांना उत्तरासाठी निदान दुपारपर्यंत तरी ताटकळत ठेवत. आज उत्तर पाठवल्यापाठवल्या आलं. विनोदशेठनी ते वाचलं, आणखी एकदा वाचलं, आणि रस्त्यापलीकडच्या खिडकीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

त्यांनी तात्यांना फोन लावला. बंद. गटावर विचारावं तर गटच नाही. एक शंका त्यांच्या मनात आली, की गेलेला माणूस पत्र कसं लिहील? पण तिचं उत्तरही त्यांनीच दिलं: तात्याने आधीच लिहून ठेवलं असणार. आयुष्यभर गाडी निघायच्या आधी कागद तयार ठेवणारा माणूस. दुसरं काय करणार?

त्यांनी कमलेशला फोन केला. कमलेश म्हणजे तात्यांचा मदतनीस, बेटेगावचा. तो पुठ्ठा कापायच्या मशीनजवळ उभा होता.

"कमलेश, हे तात्याचं... खरं हाय?"

"हो ना शेठ. काल दुपारी झालं."

"अरे, पण असं अचानक?"

"अचानक कुठलं! दोन वर्सं लांबवत होते. शेवटी मंदाकाकीच बोलली, एकदाचं उरकून टाका, माझ्या जिवाला घोर नको."

विनोदशेठनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "मंदा असं बोलली?"

"मग! आनि झालं पण झटपट. तात्यांना कळलंसुदा नाय."

"त्रास नाय ना झाला?"

"बिलकूल नाय. डॉक्टर बोलले, आता सगळं लख्ख दिसेल."

"वर दिसतच असेल रे," विनोदशेठ रुमाल शोधत म्हणाले.

मशीनच्या खडखडाटात ते कमलेशला ऐकू गेलं नाही. "आता एक झाला ना," तो ओरडला, "दुसरा पुढच्या महिन्यात!" आणि फोन कट झाला. दुसरा कोण, हे विनोदशेठना उमगेना. मग त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली आणि हार आणायला पाठवलं.

तिकडे पालघरच्या ऑफिसात किंजलसमोर दुखवट्याचे संदेश येऊन पडत होते. वापीच्या बिस्किटवाल्यांना मराठी येत नसल्यामुळे मशीनने परस्पर हिंदी करून दिलं होतं: 'हमारा सब कुछ ऊपर चला गया है, मैं आँखें मूँदकर शांत पड़ा हूँ।' त्यांनी लिहिलं होतं, बूट मावतील अशी खोकी आली ती आम्ही मनातून काढून टाकली आहेत, तात्यांच्या आत्म्याला शांती लाभो. किंजल खुर्चीतून उठली. तिने तात्यांना फोन लावला, बंद. मंदाकाकींना लावला, त्या बाजारात होत्या आणि फोन घरी चार्जिंगला होता. तेवढ्यात विनोदशेठचाच फोन आला.

"बेन, तात्या गेला गं."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कमलेशशी बोललो ना मी! काल दुपारी. ऑपरेशनमधेच."

मग शंकेला जागा राहिली नाही. किंजलने डोळे पुसत नव्या व्यवस्थेवर सगळ्यांना एक संदेश पाठवला: 'आपले तात्या गेले. कारखाना आज बंद. चिंचणीला जाण्यासाठी बस फाटकाशी येत आहे.'

कमलेशने तो वाचला. सकाळी त्याने विनोदशेठना सांगितलं होतं की ऑपरेशन मस्त झालं. म्हणजे तात्या त्यानंतर गेले! आणि आपण हसत हसत फोन ठेवला! त्याने मशीन बंद केलं. प्रतीक्षा मात्र वसईला आपल्या स्क्रीनसमोर बसून चकित झाली होती. आठवडाभर हातापाया पडूनही ज्या लोकांनी नवी व्यवस्था उघडली नव्हती, ते सगळे एका तासात तिच्यावर आले होते. तिने आपल्या साहेबांना कळवलं, की बोईसरचा प्रतिसाद अभूतपूर्व आहे.

चिंचणीला तात्या ओटीवर उताणे पडले होते. मंदाकाकी मासळी आणायला बाजारात गेल्या होत्या. जाताना त्यांनी माश्या बसू नयेत म्हणून तात्यांच्या अंगावर छातीपर्यंत पांढरी चादर घातली होती आणि बजावलं होतं, "मी येईपर्यंत हलायचं नाय." समोरच्या घरातल्या कमळीने मधे येऊन त्यांना चहा पाजला होता. चहा पोटात गेला, वारा बरा होता, तात्यांना झोप लागली.

आधी विनोदशेठचा टेम्पो आला, मागोमाग कंपनीची बस. माणसं उतरली ती सगळी मान खाली घालून. हार पाहून कमळी दारात आली, ओटीवरची चादर पाहिली आणि तिने हंबरडा फोडला. "आताच तर चा दिला गं बाय मी! माज्या हातचा शेवटचा चा!"

त्या आवाजाने तात्या जागे झाले. हिरव्या काचेतून त्यांना धूसर माणसं दिसली. आळीत कोणीतरी गेलेलं दिसतंय, असं त्यांच्या मनात आलं. उठून बघावं, तर हलायचं नाही. तेवढ्यात किंजल पुढे आली. तिला रडू आवरत नव्हतं.

"लहानपणी पप्पा मला कारखान्यात आणायचे," ती सगळ्यांना सांगू लागली, "तेव्हा तात्या मला मोठ्या खोक्यात बसवून ढकलगाडीवरून फिरवायचे. खोक्यावर लिहायचे, 'नाजूक माल, जपून हाताळा.' मला या माणसाने कधी आदळू दिलं नाही."

तात्यांना भरून आलं. म्हणजे हा आपला निरोप समारंभ! निवृत्तीच्या आधीच, घरी येऊन! डोळ्याचं झालंय म्हणून बिचारे इथवर आले. अशा वेळी मधे बोलणं बरं दिसत नाही, म्हणून ते विनयाने गप्प पडून राहिले. त्यानंतर कमलेश दोन शब्द बोलला. मग कोणीतरी धपकन त्यांच्या उशाशी बसलं.

"तात्या," विनोदशेठ म्हणाले. "ऐकतोस का रे? मी आउट नव्हतो. देवाशपथ नव्हतो, बॅट आत होती माझी. पण आता तू गेलास तर मी भांडू कोणाशी? ती समोरची खिडकी बघवत नाय मला. जा! होतो मी आउट. तुझंच खरं. तू म्हणशील तसं."

चादर जरा वर-खाली झाली.

"सेठ," विनोदशेठचा ड्रायव्हर हळूच म्हणाला, "बॉडी कुछ बोल रही है।"

"काय?"

"लेखी दे," तात्या म्हणाले.

विनोदशेठ मागच्या मागे उडाले ते कमलेशच्या अंगावर, आणि कमलेश हाराच्या टोपलीत. बसमधून आलेल्या बायकांपैकी दोघी पायऱ्या न वापरताच अंगणात उतरल्या. कमळीने रडणं थांबवलं, नीट पाहिलं, आणि मग पुन्हा सुरू केलं, कारण आता तिला खरंच भीती वाटली होती. तात्या उठून बसले आणि चष्मा सारखा करत म्हणाले, "काय झालं? थांबलात कशाला? बोला की!"

मग सगळे एकदम बोलायला लागले. कोणी पाणी आणलं, कोणी तात्यांना चिमटा काढून पाहिला. विनोदशेठ त्यांचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवत होते. हसण्या-रडण्याच्या त्या गोंधळात फाटकाकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.

फाटकात मंदाकाकी उभ्या होत्या. त्यांनी बस पाहिली, हार पाहिले, रडवेली कमळी पाहिली. ओटीवरची गादी त्यांना गर्दीमुळे दिसेना. हातातली मासळीची पिशवी खाली पडली. पाहणाऱ्यांनी आपोआप वाट करून दिली, बोलणं थांबलं, आणि त्या शांततेत मंदाकाकी दोन पावलं चालून खालच्या पायरीवरच बसल्या. नजर कुठेच नाही.

तात्यांनी आपल्या बायकोचा असा चेहरा कधी पाहिला नव्हता. निरोप समारंभाची सगळी मौज एका क्षणात विरून गेली. डॉक्टरने सांगितलेलं सगळं विसरून ते गर्दीतून खाली आले आणि तिच्यासमोर वाकून बसले.

"मंदा. अगं मंदा. मी हाय."

मंदाकाकींनी वर पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमाला हलू नका सांगितलं होतं ना?" आणि पदराने तोंड झाकून ओक्साबोक्शी रडल्या.

उलगडा व्हायला बराच वेळ लागला. किंजलने फोनवर तो मजकूर काढला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. 'ढगात' या शब्दाशी बसचा ड्रायव्हर फिस्सकन हसला. तात्या मात्र गंभीर होते.

"यात चुकीचं काय हाय?" त्यांनी विचारलं. "एकूण एक शब्द खरा हाय. एक तरी खोटा दाखवा."

बसच्या ड्रायव्हरने फोन घेऊन मजकूर शोधशोधून वाचला, आणि मान डोलावून परत केला.

किंजल अंगणात फेऱ्या मारत एकेका गिऱ्हाइकाला फोन करत सुटली. वापीचे बिस्किटवाले काही केल्या ऐकेनात. "तो फिर बेन, ऊपर कौन गया?" त्यांनी विचारलं.

"ईमेल, अंकल. ईमेल ऊपर गया है. तात्या नीचे है. मेरे सामने बैठा है, चिमटा ले के देखा है."

"अच्छा," पलीकडून जरा विचार करून उत्तर आलं, "तो वो बूटवाला मामला वापस चालू समझो."

मंदाकाकींनी तोंड धुतलं आणि माणसं मोजली. आणलेली मासळी दोन माणसांची होती आणि दारात बस उभी होती. मग आळी हलली. एका घरातून भात, एकीकडून सोलकढी, कमळीकडून सुकटीची चटणी, आणि किंजलसाठी वेगळी वांग्याची भाजी. दुखवट्याला आलेली माणसं अंगणात पंगतीला बसली. विनोदशेठ तात्यांच्या शेजारी बसले होते.

"म्हंजे लेखी देतोस ना?" तात्यांनी विचारलं.

"कशाचं?"

"आउट होतास म्हनून."

"कोण बोललं? मी नव्हतोच आउट. बॅट आत होती."

"इतक्या लोकांसमोर कबूल केलंस!"

"ते मेलेल्या माणसाला बोललो होतो. जित्या माणसाला नाय." आणि विनोदशेठनी आपल्या पानातला माशाचा मधला तुकडा उचलून तात्यांच्या पानात टाकला. "खा. आंधळा पंच!"

दिवस मावळायला माणसं गेली. जाताना किंजल मंदाकाकींच्या पाया पडली आणि म्हणाली, कामाचं सगळं त्या एका जागी बोलू, पण कोणाच्या घरचं बरं-वाईट असेल तर आधी माणूस पाठवायचा, असा नियम उद्यापासून. मंदाकाकी म्हणाल्या, "बस नको पाठवू. एकच माणूस पाठव."

अंगण झाडून झालं. तात्या पुन्हा ओटीवर उताणे पडले. मंदाकाकी आत भांडी घासत होत्या. एकाएकी भांड्यांचा आवाज थांबला.

"अहो?"

"काय गं?"

"काय नाय."

भांडी पुन्हा वाजली. थोड्या वेळाने पुन्हा थांबली.

"अहो?"

एरवी तात्या वैतागले असते. 'काय आहे ते एकदाच सांग,' म्हणाले असते. पण त्यांना पायरीवरचा तो चेहरा आठवला. त्यांनी हिरव्या चष्म्याआड डोळे मिटले आणि आतपर्यंत नीट ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर दिलं.

"हाय गं."

"बरं," आतून आवाज आला. नळ सुरू झाला, बंद झाला, एक ताट फळीवर ठेवल्याचा आवाज झाला.

"अहो?"

"हाय, मंदा. हाय."